पकडीची किंमत

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या सातव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव झाला. त्या लिलावातील सर्वांत मोठी बोली लागली ती आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाई या चढाईपटूवर. तेलुगू टायटन्स संघाने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. आदल्याच वर्षी यू मुंबा संघाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले होते. एका हंगामात किंमत चौपट! जिल्ह्यात आनंद होणे साहजिक होते आणि आम्हीही त्या आनंदात सामील होतो. काजूच्या बागांतून आलेला मुलगा करोडपती झाला, ही काही रोज ऐकू येणारी बातमी नव्हे.

या बातमीचा एक परिणाम मात्र आमच्या ध्यानात आला नव्हता. तो आणून दिला जिल्ह्यातल्याच एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक असलेल्या आमच्या मित्राने. विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांच्या शाळेत जाणे झाले, तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहून ते म्हणाले, "सर, कोपऱ्यात हुबं ऱ्हायला पोरगं मिळंना झालंय. समद्यास्नी चढाईच पायजे." आणि मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमी इज्ञानवाले. सांगा बघू, पकड करणाऱ्याची किंमत खरंच कमी असती का?"

प्रश्न खेळाचा दिसतो, पण तो मोजमापाचा आहे. म्हणूनच या मासिकात त्याची चर्चा करण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. लिलावात एखाद्या खेळाडूवर बोली लागते, तेव्हा संघमालक प्रत्यक्षात एक अनुमान करीत असतो: हा खेळाडू आल्याने माझा संघ किती अधिक सामने जिंकेल? अनुमान म्हटले की निरीक्षण आले, निरीक्षणाचे साधन आले आणि साधनाची चूकही आली. चढाईपटू महाग आणि बचावपटू स्वस्त हा जो बाजारभाव ठरून गेला होता, तो खेळातील सत्य दाखवतो की साधनातील चूक, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न आहे.

प्रथम भाव पाहू. २०१८ च्या लिलावात मोनू गोयत या चढाईपटूला १ कोटी ५१ लाख मिळाले. २०२१ मध्ये परदीप नरवालला १ कोटी ६५ लाख, २०२२ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजार आणि २०२३ मध्ये पुन्हा पवनलाच २ कोटी ६० लाख ५० हजार. शिखरावर सगळीकडे चढाईपटू. इराणचा फझल अत्राचली हा डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू २०१८ मध्ये १ कोटीपर्यंत पोचला, तेव्हा बचावपटूला एवढी रक्कम मिळाल्याचे लोकांना नवल वाटले होते. पुढे इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूने ही कोंडी फोडली. त्याची हकीकत पुढे येईलच.

आता या भावामागचे आकडे. परदीप नरवालने २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. पकडीच्या गुणांचे शतक गाठणारा पहिला बचावपटू नितेश कुमार. त्याने २०१८ च्या हंगामात बरोबर १०० गुण मिळवले. म्हणजे चढाईतला उत्तुंग हंगाम ३६९ चा आणि पकडीतला उत्तुंग हंगाम १०० चा. गुणतक्ता हातात घेऊन बसलेला संघमालक काय निष्कर्ष काढील हे सांगायला नको. चढाईपटू बचावपटूच्या साडेतीनपट मोलाचा!

हा निष्कर्ष कोठे लंगडा आहे हे कळण्यासाठी नियमांकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. चढाईपटूने एका बचावपटूला स्पर्श करून मध्यरेषा गाठली की चढाई करणाऱ्या संघाला एक गुण, समोरचा एक गडी बाद आणि स्वतःचा बाद झालेला एक गडी पुन्हा आत. उलट बचाव करणाऱ्यांनी चढाईपटूला पकडले की त्यांना एक गुण, समोरचा एक गडी (तो चढाईपटूच) बाद आणि त्यांचा एक गडी आत. दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारख्या सारख्या आहेत. एक पकड आणि एक स्पर्श यांचे मोल नियमानुसार तंतोतंत समान आहे.

पण चढाईच्या गुणांत बोनसचे गुणही मिसळलेले असतात. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली की त्याला एक गुण मिळतो. त्याने ना कोणी बाद होते, ना कोणी आत येते. फलकावर गुण तेवढाच दिसला, तरी मॅटवरील माणसांचे गणित बदलत नाही. तक्त्यात मात्र बोनसचा एक आणि स्पर्शाचा एक यांची सरळ बेरीज होते. किलोग्रॅममध्ये मीटर मिळवले तर आपण विद्यार्थ्याला गुण देत नाही; येथे ते दर सामन्यात चालते. अर्थात एका चढाईत तीन-चार गडी टिपण्याची शक्यता चढाईपटूला असते आणि एका पकडीत एकच गडी बाद होतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परदीपने २०१७ मध्येच एका चढाईत आठ गुण मिळवले होते. तसे काही पकडीत संभवत नाही. समोर तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक जादा गुण मिळतो, इतकेच.

याहून मोठी चूक दुसरीच आहे. चढाई एकटा माणूस करतो आणि तिचा गुण त्याच्या एकट्याच्या नावावर पडतो; तो न्याय्यच आहे. पकड मात्र क्वचितच एकट्याची असते. कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, शेजारचा कंबरेला मिठी मारतो, मधल्या साखळीतले दोघे मध्यरेषेकडची वाट अडवतात. चढाईपटू आडवा होतो, पंच हात वर करतात आणि गुण मात्र नोंदवहीत एकाच्याच नावावर चढतो. उरलेल्या तिघांचे काम हवेत विरते. चार हमालांनी मिळून कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवावे आणि मजुरी ज्याचा हात आधी लागला त्यालाच द्यावी, असा हा प्रकार आहे.

आणि तिसरी गोष्ट तर तक्त्यात येऊच शकत नाही. चाळीस मिनिटांचा सामना आणि तीस सेकंदांची चढाई हे गणित केले, तर प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरूनही दोन्ही संघांच्या मिळून ऐंशी चढाया होतात. त्यांतल्या कितीतरी रिकाम्या जातात. चढाईपटू येतो, निदान रेषा ओलांडतो, इकडेतिकडे हूल देतो आणि कोपऱ्यातल्या गड्याकडे एक नजर टाकून परत फिरतो. फलक हलत नाही. पण तो परत का फिरला? कोपऱ्यातला गडी भक्कम होता म्हणून. ही त्या गड्याची कमाई आहे आणि तिचा आकडा आहे शून्य. गंमत अशी की बचावपटू जितका धाक असलेला, तितके त्याच्या वाटेला चढाईपटू कमी जाणार आणि तितके त्याच्या नावावर पकडीचे गुणही कमी पडणार. साधन जेव्हा गुणवत्ता वाढल्यावर कमी वाचन देऊ लागते, तेव्हा प्रयोगशाळेत आपण ते साधन बाजूला काढतो. लिलावात त्याच्यावर कोट्यवधी रुपये लावले जातात.

हा पेच फक्त कबड्डीचा नाही. अमेरिकेत फुटबॉल नावाने जो खेळ खेळला जातो (कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळतात तो नव्हे, तो हाताने फेकण्याचा, अंडाकृती चेंडूचा, धसमुसळा खेळ), त्यात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. चाल करून येणाऱ्यांना रोखून फेकणाऱ्याला तीन-चार सेकंद मिळवून देणे एवढेच त्यांचे काम. ते चेंडूला जवळजवळ हात लावत नाहीत आणि त्यांच्या चांगल्या कामाचा आकडा कोठेही नोंदला जात नाही. त्या देशात नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही, पाळीपाळीने निवड होते. आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते. ही मोलाची पहिली पाळी भिंतीतल्या गड्यावर खर्च करावी का, यावर तेथे दर वर्षी वाद रंगतो. १९६७ पासून २०२५ पर्यंतच्या निवडींत असे फक्त चार वेळा घडले आहे: १९६८ मध्ये रॉन यारी, १९९७ मध्ये ऑरलँडो पेस, २००८ मध्ये जेक लाँग आणि २०१३ मध्ये एरिक फिशर.

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये लॉरेन्स टेलर या आक्रमक खेळाडूच्या धडकेने जो थाइझमन या फेकणाऱ्याचा पाय मोडला. सामना दूरचित्रवाणीवर चालू होता, लाखो लोकांनी तो पाय मोडताना पाहिला. थाइझमन पुन्हा खेळू शकला नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डाव्या बाजूने येणारा दिसत नाही, म्हणून त्या बाजूला भिंतीत उभा असणारा गडी किती मोलाचा हे लोकांना हळूहळू उमगले आणि पुढच्या काळात त्या एका जागेचे भाव वाढत गेले. धोक्याचा आकडा कोणाच्या तक्त्यात नव्हता. तो एका मोडलेल्या पायाने दाखवला.

येथपर्यंत वाचून आमचे क्रीडाशिक्षक मित्र खूश होतील. पण येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. चढाईपटू सामने जिंकून देतो, बचाव स्पर्धा जिंकून देतो, असे एक वाक्य समालोचक मोठ्या थाटात फेकत असतात. त्याचा आधार घेऊन सगळी थैली एका बचावपटूवर ओतावी, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे पटत नाही. कारण चढाई आणि बचाव यांची जात वेगळी आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या संघात दोन चढाईपटू आहेत. एक शंभर चढायांत ६० गुण आणतो, दुसरा ४०. कोणाला पाठवायचे हे आपण ठरवतो. म्हणून अधिकाधिक वेळा पहिल्यालाच पाठवू. उद्या त्याच्या जागी ७० गुण आणणारा घेतला, तर ती वाढ जवळजवळ पूर्णपणे पदरात पडेल. चढाईत संघाची ताकद सर्वांत बलवान गड्याने ठरते.

आता बचाव पाहा. समजा, डाव्या कोपऱ्यातला गडी आपल्याकडे आलेल्या शंभर चढाईपटूंपैकी ५० पकडतो आणि उजव्या कोपऱ्यातला २०. कोठे जायचे हे आता आपण ठरवत नाही, समोरचा चढाईपटू ठरवतो. तो अर्थातच उजव्या कोपऱ्याकडे जाईल. आपली कमाई शंभरात २०. आता आपण मोठी रक्कम मोजून डाव्या कोपऱ्यात ७० पकडणारा भीमकाय गडी आणून उभा केला. कमाई किती? पुन्हा २०च! चढाईपटू त्याच्याकडे फिरकणारच नाही. त्याऐवजी थोडक्या पैशांत उजव्या कोपऱ्याला ३५ पकडणारा साधा गडी आणला असता, तर कमाई ३५ झाली असती. बचावात संघाची ताकद सर्वांत कच्च्या दुव्याने ठरते. विहिरीवरचा दोर नेमका कोठे तुटतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आमचे उदाहरण अतिसुलभ आहे, हे मान्य. प्रत्यक्षात चढाईपटू प्रत्येक वेळी एकाच बाजूला गेला तर बचाव त्या बाजूला सरकतो. त्यामुळे त्याला दिशा बदलत राहावी लागते. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. अशा वेळी त्याला भक्कम कोपऱ्याशीही भिडावे लागते. शिवाय भक्कम गडी आपली जागा सोडून पुढे झेपावू शकतो. म्हणून डाव्या कोपऱ्यातला भीम अगदीच वाया जात नाही. पण त्याच्या ताकदीचा मोठा भाग शेजाऱ्याच्या कच्चेपणातून गळून जातो, हा निष्कर्ष या दुरुस्त्यांनंतरही टिकतो. चढाईपटूंना अधिक भाव मिळतो त्यामागे केवळ गुणतक्त्याची भूल नाही, थोडे तर्कशास्त्रही आहे. ते संघमालकांना जाणवले असेल किंवा नुसत्या अनुभवाने अंगवळणी पडले असेल.

मग सिद्धार्थचे काय झाले? २०१९ च्या हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले होते ते काम त्याने चोख केले. आणि तेलुगू टायटन्स बारा संघांत अकरावे आले. त्या वर्षी प्रत्येक संघाला खेळाडूंवर ४ कोटी ४० लाख रुपये खर्च करण्याची मर्यादा होती; तिचा तिसरा हिस्सा एका चढाईपटूवर गेला होता. हा आमच्या जिल्ह्याच्या मुलाचा दोष नव्हे. येथे कबड्डीचा एक असा गुणधर्म पुढे येतो की जो तक्त्यात शोधून सापडत नाही. बाद झालेला चढाईपटू बाकावर बसतो आणि त्याच्या संघाने बोनस सोडून दुसरा गुण मिळवल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही. तोही क्रमाने, जो आधी बाद झाला तो आधी आत. म्हणजे कोट्यवधींचा चढाईपटू मॅटवर किती वेळ असेल हे बऱ्याच अंशी पकडी करणारे ठरवतात. बचाव कच्चा असेल तर तो बाकावर बसून टाळ्या वाजवतो. शिवाय समोरच्या मुख्य चढाईपटूची एक पकड म्हणजे नुसता एक गुण नव्हे. त्याच्या पुढच्या कितीतरी चढाया त्याच्या संघाने गमावल्या, असा तिचा अर्थ होतो. तक्ता तिला एकच गुण देतो.

तेव्हा चढाई आणि बचाव यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. बेरीज १० असलेल्या दोन जोड्या घ्या: ८ आणि २ चा गुणाकार १६, ५ आणि ५ चा २५. पाचवीच्या मुलालाही हे करून पाहता येते. गुणाकारात लहान संख्या वाढवण्याने अधिक लाभ होतो. ज्याच्याकडे ८ आहे त्याने आणखी एक ८ विकत घेऊ नये, २ चे ३ करावेत.

२०२३-२४ च्या हंगामात हे जणू प्रयोग लावल्यासारखे दिसले. खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा ५ कोटी होती. तेलुगू टायटन्सने पवनसाठी तिच्या निम्म्याहून अधिक रक्कम मोजली. पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले ते शादलूसाठी. शादलूची नोंद अष्टपैलू म्हणून होती, पण त्याची ख्याती डाव्या कोपऱ्यातल्या पकडींची. हंगाम संपला तेव्हा टायटन्स गुणतक्त्यात तळाला होते आणि पलटण विजेते. शादलूचे पकडीचे गुण ९९, हंगामात सर्वाधिक. पुढच्या लिलावात हरयाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि २०२४ चे विजेतेपद हरयाणाने मिळवले. दोन वर्षे, दोन संघ, एक बचावपटू, दोन करंडक! बचाववाद्यांना याहून अधिक पुरावा तो कोणता हवा?

आम्हांला हवा आहे. दोन करंडक म्हणजे दोन निरीक्षणे, आणि दोन बिंदूंतून वाटेल त्या कलाची रेघ ओढता येते. शिवाय पलटणच्या त्या संघात शादलू एकटा नव्हता. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, मध्यरक्षक म्हणून संकेत सावंत आणि अबिनेश नदराजन अशी पक्की साखळी होती. चढाईला कर्णधार अस्लम इनामदारसारखे चपळ गडी होते. कच्चा दुवा शोधू गेल्यास सापडत नव्हता. अशा साखळीत बसवलेला भीम आपली पूर्ण ताकद दाखवणारच. २०२५ च्या लिलावात तोच शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. त्याच्याखालोखाल २ कोटी २० लाख ५० हजारांना देवांक दलाल हा चढाईपटू बंगाल वॉरियर्सकडे. सर्वांत महाग बचावपटू आणि सर्वांत महाग चढाईपटू. दोघांचेही संघ त्या हंगामात पहिल्या आठांतसुद्धा आले नाहीत. चढाई की बचाव या वादाला याहून चपखल उत्तर आम्हांला तरी सुचत नाही.

अमेरिकेतही असेच घडले आहे. २०१३ मध्ये तेथे पहिल्या दोन्ही निवडी भिंतीतल्या गड्यांच्या झाल्या. पहिला, फिशर, पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये विजेत्या कॅन्सस सिटी संघात होता; पण तोवर त्या संघाला असामान्य फेकणारा मिळाला होता. दुसरा, ल्यूक जेकल, फारसा बहरलाच नाही. एकाच वर्षीचे, एकाच जागेचे, एकापाठोपाठ निवडलेले दोन खेळाडू. कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघा अभ्यासकांनी तेथील निवडींचा अनेक वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांना आढळले की एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जेमतेम किंचित अधिक असते. सर्वांत वरच्या पाळ्यांना जे मोल दिले जाते, ते त्यांतून निघणाऱ्या लाभाच्या मानाने फार जास्त असते. या थेलर महाशयांना पुढे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लिलावात ही चूक आणखी फुगते. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तीन तेल अभियंत्यांनी दाखवून दिले की समुद्रातल्या तेलक्षेत्रांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्या बहुधा तोट्यात का जातात. हा प्रयोग वर्गात करता येतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. काचेची बरणी घ्या, तिच्यात मोजून शेंगदाणे भरा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला संख्येचा अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगा. एकमेकांचे पाहू देऊ नका. सर्व अंदाजांची सरासरी काढली तर ती अनेकदा खऱ्या संख्येच्या बऱ्यापैकी जवळ येते. पण आता विचारा, ही बरणी लिलावात कोणाला मिळाली असती? ज्याचा अंदाज सर्वांत मोठा त्याला. आणि सर्वांत मोठा अंदाज हा जवळजवळ नेहमीच खऱ्या संख्येपेक्षा मोठा असतो. म्हणजे लिलाव जिंकणे हाच आपला अंदाज चुकल्याचा पुरावा! मुलांना हे प्रथम पटत नाही. शेंगदाणे मोजून दाखवले की पटते. नंतर ते वाटून खावेत.

खेळाडूच्या बाबतीत तर बरणीतले शेंगदाणेही स्थिर नसतात. २०२१-२२ च्या हंगामात सिद्धार्थला खांद्याच्या दुखापतीने बहुतेक सामने मुकावे लागले. १ कोटी ६५ लाखांचा परदीप २०२५ च्या लिलावात कोणीही न घेतल्याने बाजूला राहिला आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्या नावावर प्रो कबड्डीतील चढाईचे सर्वाधिक गुण होते. लिलाव भविष्य विकत घेतो आणि तक्ता भूतकाळ दाखवतो.

तेव्हा आमच्या मित्राच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. पकड करणाऱ्याचे मोल गुणतक्ता दाखवतो त्यापेक्षा निश्चितच जास्त आहे. तक्त्यातील १०० हे खेळातील १०० नव्हेत. तरीही पहिली मोठी बोली बचावपटूवर लावावी का, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. उरलेले तीन दुवे पक्के असतील आणि बरे चढाईपटू हाताशी असतील, तर कोपऱ्यातल्या गड्यावर थैली रिती करणाऱ्याला आम्ही वेडा म्हणणार नाही. दुवे कच्चे असतील तर तीच रक्कम चौघांत वाटावी. आणि एका चढाईपटूवर निम्मी थैली उधळून बचाव उरल्यासुरल्या पैशांत बसवण्याचा जो प्रघात दिसतो, तो आम्हांला सर्वांत कमी पटतो.

शाळेला लिलाव नाही, पण निवड आहे. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघासाठी निवड करणारे एखाद-दुसरा सामना पाहतात आणि बाकी भिस्त गुणपत्रकावर ठेवतात. त्या कागदावर ज्याचे नाव नाही तो मुलगा घरी परततो. पुढच्या वर्षी तो चढाई मागतो किंवा खेळच सोडतो. म्हणून आम्ही क्रीडाशिक्षक मित्राला एक वेगळे गुणपत्रक आखून दिले. दर चढाईला एक ओळ: समोर किती गडी होते, चढाईपटू कोणत्या बाजूला गेला, पहिला हात कोणाचा, साथ कोणाची, बोनस की स्पर्श, आणि रिकामी गेली असल्यास शेवटच्या रकान्यात, कोणाच्या धाकाने. हे काम दहावीच्या दोन विद्यार्थ्यांवर सोपवले, दोघांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे नोंद करायची असे ठरले.

दिवाळीनंतर पुन्हा जाणे झाले तेव्हा पत्रकांची बऱ्यापैकी जाड चवड झाली होती. पहिल्या सगळ्या रकान्यांत दोघांच्या नोंदी बहुतेक जुळत होत्या. शेवटच्या रकान्यात मात्र वाद होता. एकाच रिकाम्या चढाईसमोर एकाने उजव्या कोपऱ्यातल्या मुलाचे नाव लिहिले होते, दुसऱ्याने मध्यरक्षकाचे. मास्तरांनी काहीच खोडले नव्हते. "दोगंबी खरं बोलत असतील न्हवं?" ते म्हणाले. उजव्या कोपऱ्यातला तो मुलगा, नववीतला, अंगाने किरकोळ, आमच्या मागे उभा राहून पत्रकात आपले नाव किती वेळा आले आहे ते बोटाने मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने विचारले की, चढाईपटू आपल्याला घाबरला की दमला होता म्हणून परत फिरला, हे कागदावर कसे ओळखायचे? पुढच्या सत्राच्या पत्रकात चढाईपटूची ही सामन्यातली कितवी चढाई, याचा एक रकाना वाढवला आहे.